पोट फुगलेल्या दोन गिटारी

माणसानं आयुष्यात एकच गिटार बघावी. ती घ्यावी, नाहीतर सोडून द्यावी. दोन बघितल्या की तो कामातून गेला. मी दोन बघितल्या.

एक अंधेरीच्या दुकानात होती. कोरी, मधाच्या रंगाची, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. दुसरी सांताक्रूझला, कालिन्यात एका आंटींच्या घरी होती. साठ वर्षांची, काळपट तपकिरी, कडेला नखानं खरवडल्यासारख्या रेघा. दोघींची जात मात्र एकच: आर्चटॉप. साध्या गिटारचं पोट सपाट असतं आणि मधोमध गोल भोक असतं. आर्चटॉपचं पोट व्हायोलिनसारखं फुगीर असतं आणि भोकाच्या जागी दोन्ही बाजूंना दोन वळणदार काप असतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताराम घाडी यांनी माझ्या मोबाइलवर फोटो बघून, "हिका दिवस गेलेत काय रे?" असं विचारलं होतं. भांडुपमध्ये संगीताची जाण या पातळीवर आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं.

मी मुलुंडच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. एकाच बॅचच्या दोन गोळ्या सारख्या दिसतात म्हणून त्या सारख्या आहेत असं समजायचं नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. सत्तावीस वर्षं हेच करत आल्यामुळे असेल, पण मला कुठे स्वस्थ बसवत नाही. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि म्हणाले, "राऊळ, तुम्ही बसलात की पाय हलवता, उभे राहिलात की खिशातल्या किल्ल्या वाजवता. हातांना काहीतरी काम द्या." माझी बायको जान्हवी हिनं मटार सोलायचं काम सुचवलं. मी गिटार म्हणालो. कॉलेजात असताना मी गिटार शिकलो होतो. एकूण सात महिने. लोकांना सांगताना त्याची 'काही वर्षं' होतात, तो माझा दोष नाही. बोलण्याच्या ओघात होतं तसं.

अंधेरीच्या दुकानातल्या सेल्समनचं नाव सौरभ. तिशीतला, दाढी राखलेला आणि स्वतः बरा वाजवणारा. त्यानं ती मधाच्या रंगाची गिटार माझ्या मांडीवर ठेवली. तिचं पोट फुगीर, माझंही त्याच वळणाचं, त्यामुळे दोघांत जरा झटापट झाली.

"वाजवा ना काका."

"आधी बघू दे," मी म्हणालो.

मी ऑफिसातून आणलेल्या पातळ पट्ट्या तारांखाली सरकवून तारांची उंची मोजली. टॉर्च मारला. पाठीवर टकटक केली. आकडे वहीत घेतले. शेजारच्या स्टुलावर एक जण ड्रम बडवत होता, त्याच्याकडे मी दोनदा रागानं बघितलं.

"झकास पीस आहे काका. घेऊन टाका."

"पण ही चांगली, ती कशाच्या तुलनेत?"

"तुलना कशाला करायची? आवडली तर घ्यायची."

आमच्या खात्यात असं वाक्य बोलणाऱ्याची बदली पॅकिंगला होते. मी वही मिटली आणि घरी आलो.

आता या ठिकाणी मी गप्प राहिलो असतो तर सगळं तिथंच निभावलं असतं. पण मी लिफ्टमध्ये बोललो. आमच्या मजल्यावर राजाराम गमरे राहतो. पवईला एका बँकेत नोकरी करतो आणि वीस वर्षं एका भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवतो. आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याला खरोखर गिटार येते असा हा एकटाच माणूस, आणि बहुधा म्हणूनच तो त्या विषयावर फार बोलत नाही. पण त्या दिवशी बोलला.

"नवीन लाकूड म्हणजे नवीन जावई रे. आवाज मोठा, पण मुरायला वेळ लागतो. एकदा जुनी बघ. कालिन्यात एक आंटी विकतायत, पत्ता देतो."

घाडी लिफ्टमध्येच होते. "जुना काय एक घेव नको," ते म्हणाले. "माझ्या मेवण्यान जुना वॉशिंग मशीन घेतल्यान. आता मशीनच तेका धुता."

मुद्दा दोघांचाही पटण्यासारखा होता. तिथून माझी झोप उडाली म्हणत नाही, पण बैठक उडाली.

शनिवारी जान्हवीला घेऊन कालिन्याला गेलो. ती आली ते गिटारसाठी नव्हे. "तुम्हाला लोकांच्या घरी कसं बसायचं ते कळत नाही," असं तिचं मत आहे. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली. अर्ध्या खोल्या रिकाम्या, दारांवर लाल रंगानं नंबर मारलेले. दुसऱ्या मजल्यावर रेजिना आंटींनी दार उघडलं. शहात्तर वर्षांच्या, बारीक, ताठ, फुलाफुलांचा हाउसकोट. खोलीत बांधलेली खोकी, आणि पलंगावर चादरीत गुंडाळून ती.

भिंतीवर सूट घातलेल्या एका गृहस्थांचा फोटो होता, हार घातलेला. मी हात जोडले. "तुमच्या मिस्टरांचा हात फार चांगला असणार."

"जोसेफचा?" आंटींनी फोटोकडे बघितलं. "हात चांगला होता."

"अशी वस्तू विकायची म्हणजे वाईट वाटत असेल."

"वाईट काय वाटायचं? तीस तारखेला खोली खाली करायची आहे. भाचीकडे मुलुंडला जाते. तिच्याकडे जागा नाही." मग त्या म्हणाल्या, "सात लोक येऊन गेले, मिस्टर राऊळ. एकाला भिंतीवर टांगायची होती. एकाला हॉटेलात शोला ठेवायची होती. सगळ्यांना चहा दिला आणि घालवलं. तुम्ही वाजवणार काय?"

"अर्थात," मी म्हणालो. "पण आधी तपासणी."

जुन्या वाद्याला आतून तडा गेलेला असू शकतो, हे मी वाचून आलो होतो. आत बघायला मी दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा नेला होता. तो मी त्या वळणदार कापातून आत घातला. आतलं लाकूड सुरेख होतं. डावीकडे तडा नाही. उजवीकडे बघायला मनगट वळवलं आणि आरसा दांड्यावरून निसटून गिटारच्या पोटात पडला.

त्यानंतरचा पाऊण तास मला आठवायचा नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं ठरवलंय तर सांगतो. मी पलंगाखाली अर्धा, वर हातांत उलटी धरलेली गिटार, आणि ती हलवतोय. आत आरसा खुळखुळतोय, पण कापातून बाहेर येत नाही. बाहेर आलं ते एक वाळलेलं झुरळ, एक प्लास्टिकची नखी आणि चर्चच्या लकी ड्रॉचं एक तिकीट. जान्हवी आणि आंटी खुर्च्यांवर बसून चहा पीत हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मधूनच हसत होत्या. मला वाटलं मलाच हसतायत, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. शेवटी आरसा पडला तो माझ्या कपाळावर.

"झाली तपासणी?" आंटींनी विचारलं.

"एका बाजूची," मी म्हणालो. माणसानं अभिमान सोडू नये.

मी तारा छेडल्या. आवाज आला तो नव्या गिटारसारखा चकचकीत नव्हता. जरा कोरडा, खालच्या पट्टीतला, जवळ येऊन बोलणाऱ्या माणसासारखा. मला तो आवडला. पण नवीपेक्षा जास्त आवडला का? हे ठरवायला नवीचा आवाज आठवायला हवा होता, आणि तो आठवेना. म्हणून लगेच रिक्षा करून अंधेरीला गेलो. तिथं नवी ऐकली, तर जुनीचा आवाज विसरलो.

पुढचे दोन शनिवार हेच. कालिना, अंधेरी, परत कालिना. सौरभ मला बघितल्यावर खुर्ची पुसून पुढे करायचा आणि आपण दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचा. आवाज लक्षात राहत नाही म्हणून मी मोबाइलवर रेकॉर्ड केला. जुनीच्या रेकॉर्डिंगमध्ये दर दोन मिनिटांनी विमान उतरत होतं, नवीच्या रेकॉर्डिंगमध्ये तो ड्रमवाला होता. ऑफिसात बसून मी तीन दिवस विमानाची ड्रमशी तुलना केली. घरी हॉलपासून बाल्कनीपर्यंत चालत विचार करायचो. जान्हवी एकदा म्हणाली, "डॉक्टरांनी हातांना काम द्यायला सांगितलं होतं, पायांना नाही."

मग तेवीस तारखेला आंटींचा फोन आला. "मिस्टर राऊळ, तीस तारीख आली. घेणार तर सांगा. नाहीतर चर्चच्या सेलमध्ये टाकून देते."

त्याच वेळी मला उपाय सुचला. आणि तो इतका साधा होता की आधी का सुचला नाही याचं मला आश्चर्य वाटलं. दोन्ही गिटारी एका खोलीत आणायच्या. मध्ये पडदा लावायचा. गमरेनं पडद्यामागे दोन्ही वाजवायच्या, आपण समोर बसून डोळे मिटून ऐकायच्या. शास्त्रशुद्ध.

दुकानातून नवी गिटार बाहेर न्यायची तर मालकांना एखाद्या संस्थेचं पत्र लागतं, असं सौरभनं सांगितलं. संस्था म्हणून माझ्या ओळखीची एकच, ती म्हणजे आमची सोसायटी. मी घाडींकडे गेलो. त्यांनी सोसायटीचा हॉल वापरायचा फॉर्म काढला. त्यात कारणासाठी चौकटी होत्या: लग्न, साखरपुडा, बारसं, बारावं, योगवर्ग, इतर.

"ह्येच्यातला खंयचा?" घाडींनी विचारलं.

"इतर."

"इतर असला तर कमिटीचो ठराव लागता. बारसा लिवतय. सोपा जाता."

"बारसं कुणाचं?"

"गिटारचा!" घाडी म्हणाले आणि टिक करून मोकळे झाले.

पण कमिटीत कुणाला तरी बारशाला पेढे लागतात याची आठवण झाली. मग खरं कारण सांगावं लागलं. ते ऐकून कमिटीचा उत्साह अनावर झाला. दोन तासांत सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: 'जुनी की नवी? आपणच ठरवा! रविवार सकाळी अकरा वाजता. चहा-बटाटवडा. सौजन्य: श्री. नंदकिशोर राऊळ.' सौजन्य माझं आहे हे मला त्या सूचनेवरूनच कळलं. लगोलग सल्ले सुरू झाले. बी विंगच्या एका गृहस्थांनी विचारलं, या वादात सोसायटीनं पडावं का. एका बाईंनी तिसऱ्या बाजूनं सतारही ठेवावी असं सुचवलं.

रविवारी सकाळी आम्ही कालिन्याला गिटार आणायला गेलो. "माझ्याशिवाय ती कुठं जाणार नाही," असं आंटींनी बजावलं होतं. त्या इस्त्रीचा निळा फ्रॉक घालून, खांद्याला पर्स लावून तयार होत्या. खाली गेटवर बिल्डरचा माणूस टेबल टाकून बसला होता. खोल्या खाली करताना लोक खिडक्या-दारं उचकटून नेतात म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला पास लागत होता.

"काय आहे हे?"

"गिटार," मी म्हणालो.

त्यानं छापील यादीवरून बोट फिरवलं. कपाट, पलंग, फ्रीज, गॅस. "गिटार नाही यात."

"मग?"

"लाकडाची आहे ना? लाकडी फर्निचर. पण फर्निचरला साहेबांची सही लागते. साहेब रविवारी नसतात."

मी रीतसर वाद घालायला सुरुवात केली. नियम कुठे लिहिला आहे, तो दाखवा, वगैरे. माझा आवाज चढला, किल्ल्या वाजायला लागल्या. आंटी पुढे आल्या आणि त्या माणसाला म्हणाल्या, "हे बघ, हे फर्निचर नाही. हे माझं सामान आहे. पर्स घेऊन जाते तशी ही घेऊन जाते. पर्सला पास लागतो?"

त्यानं विचार केला. "पर्सला नाही लागत."

"मग सरक."

रिक्षात आंटी, जान्हवी आणि त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली गिटार, एवढं झाल्यावर जागा उरली नाही. गिटारची जुनी पेटी रिकामीच होती, तिच्या कड्या तुटलेल्या. ती मला दिली. मी मागच्या रिक्षात रिकामी पेटी कवटाळून साकीनाक्याहून पवईकडे निघालो. पवईला ट्रॅफिक तुंबलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "आत काय आहे साहेब?" मी म्हणालो, "काही नाही." तिथून भांडुपपर्यंत तो दर सिग्नलला माझ्याकडे बघत होता.

हॉलमध्ये चाळीसेक लोक. दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावर घाडींच्या घरची चादर टाकलेली, मोरांची. सौरभ नवी गिटार घेऊन वेळेवर आला होता आणि दुसरा वडा खात होता. मी सगळ्यांना कागद वाटले. योजना आता अशी झाली होती: चार वेळा वादन होणार. कुठली गिटार कुठल्या वेळी वाजली ते फक्त मी पडद्यामागे बसून लिहिणार. लोकांनी फक्त कितवं वादन सर्वात चांगलं ते लिहायचं.

आणि गमरे आला. उजव्या हाताच्या अंगठ्याला कापूस आणि त्यावर पट्टी, एवढी की अंगठ्याचं लिंबू झालेलं.

"सकाळी कुर्ल्या साफ करत होतो यार," तो म्हणाला. "एक जिवंत होती."

"आजच खेकडे कशाला करायचे?"

"रविवार आहे ना!"

चाळीस लोक माझ्याकडे बघायला लागले. घाडी मोठ्यानं म्हणाले, "मगे राऊळा, तूच वाजव. तू खूप वर्षा शिकलंहस ना?"

माझ्या काही वर्षांच्या शिक्षणाची हकीगत घाडींपर्यंत कधी पोचली ते मला ठाऊक नाही. मी पडद्यामागे गेलो. नवी गिटार मांडीवर घेतली. कॉलेजातला जो सूर मला अजून येतो असं मला वाटत होतं, तो मी लावला. एक तार दबली नाही, दुसरी बोटाखाली गुरगुरली. परत लावला. परत तेच. घाम माझ्या नाकावरून गिटारवर पडला.

पडद्यापलीकडून एका काकूंनी विचारलं, "अजून ट्युनिंगच चाललंय का हो?"

मी तसाच बसून राहिलो. खरं सांगतो, त्या मिनिटात माझ्या लक्षात आलं की महिनाभर मी दोन गिटारींच्या तारा मोजल्या, लाकूड मोजलं, आवाज विमानासकट साठवला, पण एकही गिटार सलग दोन मिनिटं वाजवली नव्हती. वाजवली असती तर मला काय येतं ते कळलं असतं. तेवढंच एक मोजायचं मी टाळत होतो.

चादर बाजूला झाली. रेजिना आंटी आत आल्या. पर्स स्टुलावर ठेवली.

"ऊठ बाबा. सरक तिकडे."

"आंटी, तुम्ही? म्हणजे, हे तर तुमच्या मिस्टरांचं..."

"जोसेफ एअरपोर्टला एसीचं काम करायचा. हात चांगला होता, पंखासुद्धा नीट करायचा. पण त्याला दाराची बेल पण तालात वाजवता येत नव्हती." त्या बसल्या, जुनी गिटार मांडीवर घेतली. "ही माझी. एकोणीसची होते तेव्हापासून. लग्नांत वाजवलं, हॉटेलांत वाजवलं, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मागच्या रांगेत बसून वाजवलं. आठ माणसं घरी आली, मिस्टरांचा हात चांगला असेल म्हणाली. कुणी विचारलं नाही, वाजवायचं कोण."

मी पडद्याच्या फटीतून जान्हवीकडे बघितलं. ती अजिबात चकित झालेली नव्हती. "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पलंगाखाली होतात."

आंटींनी वाजवायला सुरुवात केली. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. नाचाची चाल होती, पण वाजवत होत्या सावकाश, जसं कुणी ओळखीच्या गल्लीतून घरं बघत बघत जावं. बाहेर एकही खुर्ची वाजली नाही. मग नवी घेतली, तीच चाल वाजवली. मग परत एक, परत एक. मी दोन हातांच्या अंतरावर होतो. त्यांची बोटं सांध्यांशी सुजलेली होती. जुनीच्या तारा उंच. दाबताना त्या ओठ आवळत होत्या, एकदा तर सूर संपवून हात झटकला. नवीवर बोटं ठेवली की ओठ सैल व्हायचे. चेहरा बदलायचा. जुनीचा आवाज खोल, नवीचा उजळ, हे सगळं खरं होतं. पण मी आवाज ऐकत होतो की ते ओठ बघत होतो, हे माझं मलाच कळत नव्हतं.

चौथं वादन संपलं. टाळ्या थांबेनात. घाडींनी चादर ओढली, दोरीसकट खाली आली. कागद गोळा झाले, मोजणी झाली. चाळीसपैकी अठ्ठावीस लोकांनी लिहिलं होतं: तिसरं.

"निकाल लागलो!" घाडी गरजले. "राऊळा, तिसरी खंयची? जुनी काय नवी?"

मी हातातल्या कागदाकडे बघितलं. चार रकाने आखलेले होते, सुबक. चारही कोरे.

सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एक रकाना कोरा राहिला नव्हता. मी आंटींकडे बघितलं. "मला नाही ठाऊक," त्या म्हणाल्या, "मी जी हाताला लागली ती घेतली." पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या सौरभला विचारलं, तो म्हणाला त्याचे डोळे मिटलेले होते. हॉलमध्ये जो हशा उसळला तो शांत होईपर्यंत मी तो कागद चार वेळा घडी करून खिशात घातला. फक्त गमरे हसला नाही. आपला लिंबाएवढा अंगठा सांभाळत म्हणाला, "ऐकत होता रे तो. राहू दे."

लोक वड्यांकडे वळले. सौरभ नवी गिटार पिशवीत भरायला पुढे आला, तर आंटींनी ती धरून ठेवलेली.

"ही मी घेते," त्या म्हणाल्या.

"आंटी, तुमची तर विंटेज आहे!" सौरभ कळवळून म्हणाला. "लोक अशा शोधत फिरतात. तसं लाकूड आता मिळत नाही."

"विंटेज मी पण आहे. मला विचार किती दुखतं ते." त्यांनी नवीच्या तारेवर एक बोट नुसतं टेकवलं, ती लगेच बोलली. "बघ. जुनीला बोटांत ताकद लागते. ती माझी संपली, म्हणून विकायला काढली. मला काय माहीत नव्या इतक्या मऊ निघाल्यात? मला दुकानात कोण घेऊन जाणार?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू ही मला घेऊन दे. ती तुझी. हिशेब संपला."

"पण मी अजून ठरवलेलं नाही," मी म्हणालो. "म्हणजे दोन्हींचा नीट, परत एकदा..."

"ठरलं," जान्हवी म्हणाली.

"आणि भाचीच्या घरी जागा?" मी अजून लढत होतो.

"विकायच्या गिटारला जागा नव्हती," आंटी म्हणाल्या. "वाजणारीला होईल. मी खाटेवर माझ्याजवळ घेईन तिला. पण तू दर शनिवारी यायचं. ती घेऊन. मी भिंतीवर टांगणाऱ्याला दिलेली नाही."

अशा रीतीनं, नव्या आणि जुन्यात महिनाभर धावून, मी पैसे नवीचे दिले आणि घरी जुनी आली. घाडी अजून भेटले की वॉशिंग मशीनची आठवण करून देतात.

पहिल्या शनिवारी मी आणि जान्हवी मुलुंडला गेलो. भाचीचं घर लहान, पण खिडकीत उजेड होता. आंटींनी मला चारच सूर दिले. "हे एकामागोमाग एक. घाई नाही." मी वाजवले.

"परत," त्या म्हणाल्या.

परत वाजवले. "परत." तारा बोटांत रुतत होत्या. दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. मी म्हणालो, तिसऱ्या सुराला ती जरा कमी बोलते असं वाटतं, लाकडामुळे असेल का? "परत," त्या म्हणाल्या. जान्हवी भाचीबरोबर आत भाजी निवडत होती. बोटांच्या टोकांना लाल रेघा उठल्या. चाळीसच्या पुढे कितवी वेळ ते मी मोजायचं विसरलो, आणि मग एकदा ते चारही सूर जोडीनं, एकमेकांचे हात धरल्यासारखे निघाले.

मी वळून बघितलं. खुर्चीत डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले, नवी गिटार मांडीवर आडवी. झोपल्या बिचाऱ्या, असं म्हणून मी अलगद हात खाली घेतला.

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "थांबायला कुणी सांगितलं?"

मी परत सुरू केलं.